क्लासिक स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी गाडी चालू केली की टिकटिक येते. टॅपेट वाजतोय की मॅनिफोल्ड लीक आहे?

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) बसलेला, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढच्या पाइपात सोडणारा भाग. टॅपेट म्हणजे व्हॉल्व हलवणारा भाग. इंजिन तापल्यावर त्या आवाजाचं काय होतं ते आधी बघा. मॅनिफोल्डचा लीक थंड इंजिनवर सगळ्यात जोरात वाजतो आणि पाच-दहा मिनिटांत हळूहळू मऊ होत जातो, कारण बीड (कास्ट आयर्न) तापलं की फुगतं आणि फट बुजत जाते. टॅपेटचं असं नसतं, क्लिअरन्स (त्याची मधली फट) जास्त असला तर इंजिन तापल्यावरही तो वाजतच राहतो. दुसरी खूण म्हणजे लोड. चढावर अॅक्सिलरेटर दाबलात की लीकचा आवाज एकदम वाढतो, पाय काढला की गेलाच, आणि टॅपेट मात्र फक्त आरपीएमप्रमाणे भरभर किंवा सावकाश वाजतो, लोडशी त्याला फारसं देणंघेणं नाही.

अजून एक जुनी युक्ती आहे. आयडलवर एकेका प्लगची वायर काढून ती ब्लॉकला अर्थ करायची, मोकळी लोंबकळत ठेवायची नाही, विशेषतः इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर नाहीच. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर टिकटिक फुसकी होते त्याच्याच पोर्टपाशी (धूर हेडमधून बाहेर पडण्याच्या तोंडापाशी) लीक आहे असं समजायला हरकत नाही. इन्सुलेटेड पक्कड वापरा, हाताने नको.

गरम झाल्यावर आवाज बंद होतो, मग दुरुस्त कशाला करायचं?

आवाज बंद होतो पण वायू येणं पूर्ण बंद होतं असं नाही. आणि या गाड्यांना बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) नसतो, कार्ब्युरेटर थोडा रिच (पेट्रोल जास्त) चालतो, म्हणजे एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड काही टक्क्यांत असतो, आजच्या गाडीसारखा नाममात्र नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आता जुन्या गाडीची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) डोळ्यासमोर आणा, वायरिंगची रबरी बूच वाळून तडकलेली, पेडलच्या भोकाचं सील गेलेलं, हीटरचा डबा तिथेच. बॉनेटखालचा वायू आत यायला रस्ते भरपूर आहेत. गाडी चालवताना डोकं जड होत असेल, मळमळ होत असेल, खाली उतरून मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटत असेल तर तो थकवा धरू नका. गाडी उभी करा आणि लीक काढेपर्यंत वापरू नका.

एअर-कूल्ड पोर्श ९११ वाल्यांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं. त्या गाडीत केबिनची गरम हवा एक्झॉस्टच्या पाइपभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते, म्हणजे आतला पाइप गंजून भोक पडलं किंवा सांधा फुटला तर हीटर चालू केल्यावर धूर थेट केबिनमध्ये येतो. तिथे लीक ही आवाजाची तक्रार नाहीच.

शिवाय गरम वायू एकाच जागेतून सतत सुटत राहिला की तो धातू खातो. अॅल्युमिनियमच्या हेडवर तर बारीक नाली कोरल्यासारखा चर पडतो. आज पॅकिंग (सांध्यात बसणारं गॅस्केट) आणि एक दुपार एवढ्यावर भागणारं काम दोन वर्षांनी हेड उतरवून मशीनिंगवर जातं. आणि एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांवर. तिथल्या लीकचा झोत फ्लोट बोलवर (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीवर) गेला तर पेट्रोल उकळतं, गरम इंजिन पुन्हा स्टार्ट होत नाही आणि आगीची भीती ती वेगळीच.

लीक नेमका कुठे आहे ते कसं शोधू?

पहिलं काम डोळ्यांचं. टॉर्च घ्या, छोटा आरसा घ्या आणि प्रत्येक पोर्टच्या कडेने काजळी शोधा. लीकच्या जागी काळा किंवा राखाडी पंख्यासारखा डाग पसरलेला असतो, त्याचं टोक जिथे तिथे फट. मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपचा (तिथून खाली जाणाऱ्या पाइपचा) सांधा विसरू नका, "मॅनिफोल्ड लीक आहे" म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत वरचा सांधा ठीक असतो आणि फुसफुस खालच्या फ्लॅंजमधून (सांध्याच्या सपाट कडेतून) येत असते.

मग मीटरभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं प्रत्येक पोर्टजवळून फिरवा, इंजिन थंड चालू केल्या केल्या. फॅन आणि बेल्टपासून पाइप लांब ठेवा, लोंबणारे कपडे नकोत. जिथे लीक आहे तिथे कानात अक्षरशः फटके बसतात, शंका राहत नाही.

सगळ्यात खात्रीची पद्धत मात्र इंजिन बंद आणि पूर्ण थंड असतानाची. व्हॅक्यूम क्लीनरचा हवा बाहेर फेकणारा पाइप सायलेन्सरच्या टोकाला कापडाने घट्ट बसवा, चालू करा आणि साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावत जा. फेस फुगायला लागला की सापडलं. तड्यासाठी तर ही पद्धत फारच छान, केसाएवढा तडाही बुडबुड्यांची रेघ काढून दाखवतो. दोन ठिकाणी फेस आला तर दोन्हीवर खडूने खूण करा, एक सापडल्याच्या आनंदात दुसरा राहून जातो.

एक करू नका. इनटेकचा (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या बाजूचा) लीक शोधायला लोक कार्ब क्लीनर फवारतात, तेच इथे तापलेल्या मॅनिफोल्डवर फवारलं तर भडका उडेल.

पण लीक होतो तरी कशामुळे? पॅकिंग जुनं झालं म्हणून ना?

नाही, आणि हे पान मी मुळात या एका उत्तरासाठी लिहायला घेतलं. पॅकिंग बहुतेक वेळा शेवटी मरतं, आधी दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं.

जरा हिशोब करून बघू. समजा सहा सिलिंडरचा बिडाचा मॅनिफोल्ड ६० सेंटीमीटर लांब आहे आणि तो ४०० अंशांनी तापला. बीड एका अंशाला लांबीच्या दहा लाख भागांमागे साधारण ११ भाग इतकं वाढतं, म्हणजे मॅनिफोल्ड सुमारे २.६ मिलिमीटर लांब झाला. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर ते अंशामागे दुपटीने वाढतं खरं, पण पाण्यामुळे ते फार तर ८० अंशांनी तापतं, म्हणजे १.१ मिलिमीटर. राहिला फरक दीड मिलिमीटरचा. हा दीड मिलिमीटर प्रत्येक वेळी गाडी तापली की पुढे आणि निवली की मागे सरकतो आणि तो सरकायला जागा हवी. जागा नसेल तर टोकाचे स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट चढवायचे आटेदार दांडे) वाकतात, मग एक दिवस तुटतात, किंवा मॅनिफोल्ड केळ्यासारखा वाकतो, किंवा तडकतो. डॅटसन २४०झेड च्या सहा सिलिंडर इंजिनात सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा स्टड तुटलेला सापडतो तो याचमुळे, टोकांना सरकणं सगळ्यात जास्त असतं.

दुसरं कारण वजन. इंजिन माउंट बसलेलं असेल, सायलेन्सरचं रबर तुटलेलं असेल किंवा कुणीतरी डाउनपाइपचा ब्रॅकेट "कशाला हवा" म्हणून काढून टाकला असेल तर इंजिन हललं की अख्ख्या पाइपचं ओझं मॅनिफोल्डच्या फ्लॅंजवर येतं. गिअरबॉक्सजवळ पाइपला धरणारा तो छोटा ब्रॅकेट फार कामाचा असतो.

तिसरं, इग्निशन टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असेल तर एक्झॉस्टचं तापमान चढतं. अंधारात आयडलवर मॅनिफोल्ड मंद लाल दिसत असेल तर तो ५०० अंशांच्या वर गेलाय, आधी टायमिंग बघा मग पॅकिंग.

मी पॅकिंग दोनदा बदललं, महिन्याभरात पुन्हा तेच. माझं काय चुकतंय?

माझ्या एमजीबीत हेच झालं होतं, तीनदा. १९६२ ते १९८० पर्यंत बनलेल्या या गाडीच्या १७९८ सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला बसतात आणि मधल्या स्टडवरचे जाड मोठे वॉशर एका बाजूने इनटेकचा कान (नटाखाली येणारा, बाहेर आलेला भाग) दाबतात, दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टचा. म्हणजे एकच नट दोन माणसांना धरून उभा आहे. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तर ठीक, नसेल तर वॉशर तिरका बसतो, जाड कान दाबला जातो आणि पातळ कान मोकळा राहतो.

माझा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधी कुणीतरी मशीन करून आणला होता, सपाट करायला, काम चांगलंच होतं, पण त्यात त्याच्या कानांची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कमी झाली आणि इनटेकला कुणी हात लावला नाही. मी दर वेळी नवीन पॅकिंग घालायचो, टॉर्क पान्याने कसायचो, आठवडाभर शांत, मग पुन्हा टिकटिक. शेवटी मॅनिफोल्ड बाकावर शेजारी शेजारी ठेवले, कानांवर व्हर्निअर लावला आणि दुसऱ्या स्टडजवळ आकडा वाचला तेव्हा सगळं कळलं. जुन्या वॉशरवर तर आधीच पुरावा होता, एकाच बाजूला घासून चकचकीत झालेली चंद्रकोर, दुसरी बाजू काळी. ती मी तीन वेळा हातात घेऊन पुसून परत बसवली होती. तेव्हापासून वॉशर काढला की आधी त्याचा डाग वाचतो.

उपाय दोन. एक, दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र मशीन शॉपमध्ये नेऊन कानांची जाडी जुळवून घ्या. दोन, पायरी पाडलेले वॉशर करून घ्या, एका अर्ध्यावर फरकाइतकी जास्त जाडी. मी दुसरा केला, लेथवाल्याने बनवून दिले, आणि तेव्हापासून त्या सांध्याला हात लावावा लागलेला नाही.

तर तुमचं पॅकिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर तिसरं विकत घेण्याआधी तीन गोष्टी मोजा: सपाटपणा, कानांची जाडी आणि डाउनपाइप मोकळा सोडल्यावर तो फ्लॅंजपाशी आपोआप येतो की ओढावा लागतो.

एक्झॉस्ट पुट्टी किंवा पेस्ट लावून चालेल का?

घरापर्यंत पोचायला चालेल. त्यापुढे नाही. मॅनिफोल्ड फुगतो-आकसतो आणि पुट्टी वाळून काचेसारखी कडक होते, चार-सहा फेऱ्यांत ती निखळते. इपॉक्सी तर विसराच, साधारण ३०० अंशांच्या आत त्यांची मर्यादा संपते आणि मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर जातो. पुट्टीचा अजून एक त्रास म्हणजे नंतर खरं काम करायला घेतलं की ती खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो.

नट अजिबात सुटत नाहीत. जोर लावू का?

थांबा. या कामात सगळ्यात महाग चूक इथेच होते.

काम शनिवारी करायचं असेल तर बुधवारपासून रोज गंज सोडवणारं तेल टाकायला घ्या, इंजिन थंड असताना. तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो, पाच मिनिटांत काही होत नाही. सहा कोनांचा सॉकेट घ्या, बारा कोनांचा नको, कारण गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच गोल झालेले असतात. नट आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवा, अगदी थोडा, गंजाचा पापुद्रा तुटतो तेव्हा एक बारीक "टक" जाणवते, मग सोडवा. पाव फेरा सुटला की परत अर्धा पाव कसा, तेल टाका, पुन्हा सोडवा. असं पुढे-मागे करत यायचं. कंटाळवाणं आहे पण आट्यांतला गंजाचा चुरा बाहेर यायला हीच पद्धत आहे. हाताला स्प्रिंगसारखं लवचिक वाटायला लागलं, म्हणजे पाना फिरतोय पण नट नाही, तर तो स्टड पिळतोय आणि पुढचा आवाज तुटण्याचा असेल. तिथेच हात थांबवा.

तेलाने झालं नाही तर उष्णता. नट तापवायचा, स्टड नाही, म्हणजे ज्योत नटाच्या बाजूंवर फिरवत ठेवायची म्हणजे नट फुगून पकड सोडतो. पण त्याआधी कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचे पाइप काढून तोंडं बंद केलेली असू द्या, बॅटरी सुटलेली, अग्निशामक हाताशी. तेल टाकलेलं असेल तर ते धुरकटणार, पेट घेऊ शकतं. इंडक्शन हीटर मिळाला तर उत्तम, ज्योत नाही आणि उष्णता फक्त नटाला.

तरीही नाही सुटला तर नट फोडायचा. नट स्प्लिटर जागेत बसत नसेल तर नटाच्या एका बाजूला बारीक ड्रिल मारा आणि छिन्नीने उघडा. नट गेला तरी चालेल, स्टड आणि हेड वाचलं पाहिजे. नटाबरोबर स्टडच फिरून बाहेर आला तर आनंदच आहे, नवीन स्टड घाला.

एमजीबीवाल्यांना वेगळं सांगतो, डाउनपाइपचे सहा पितळी नट, दोन तोंडांना तीन तीन, वरून हात पोचत नाही. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि खालून लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून काढा. जुने नट परत वापरू नका.

स्टड हेडमध्येच तुटला. आता?

बाहेर थोडा तुकडा दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. वेल्डच्या उष्णतेने स्टड आधी फुगतो मग निवताना आकसतो आणि त्यात गंजाची पकड सुटते, दोन-तीनदा करावं लागलं तरी चालतं, बहुतेक निघतो. पातळीत तुटला असेल तर आधी वॉशर वेल्ड करून त्यावर नट. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. आणि त्या जागी क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरला असेल तर वेल्ड करू नका, त्याची वाफ वेल्डच्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी वायू बनवते. हे भीती घालायला नाही सांगत, खरंच होतं.

वेल्ड जमत नसेल तर ड्रिल. इथे सगळी गंमत बरोबर मध्यावर सुरू करण्यात आहे. तुटलेला पृष्ठभाग आधी कानशीने सपाट करा, पंचने मधोमध खूण करा, शक्यतो मॅनिफोल्डच्या भोकात बसणारी बुश गाइड म्हणून करून घ्या आणि बारीक ड्रिलपासून वाढवत जा. डाव्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जास्त जपा, ड्रिल पोलादाच्या स्टडवरून घसरतं आणि मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं.

ईझी-आउट म्हणतात तो एक्स्ट्रॅक्टर मला आवडत नाही. जो स्टड पान्याच्या ताकदीने सुटला नाही तो त्याहून बारीक काडीने कसा सुटेल? ती काडी आत तुटली की मात्र ती ड्रिलपेक्षा कडक असते आणि मग स्पार्क इरोजन (ठिणग्यांनी धातू झिजवणं) करणारं मशीन शॉप शोधावं लागतं.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेची गुंडाळी) किंवा टाइम-सर्ट घाला, दोन्ही भोकात नवे आटे देतात. मी एक्झॉस्टला टाइम-सर्ट पसंत करतो, अखंड बुश असते, पुढच्या वेळी स्टड काढताना तारेसारखी उलगडून येत नाही. काही इंजिनांत स्टडचं भोक थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतं, तुमच्या इंजिनचं मॅन्युअल बघा, तसं असेल तर कूलंट आधी काढा आणि बसवताना आट्यांना सीलर लावा.

मॅनिफोल्ड सपाट आहे की नाही हे घरी तपासता येतं का?

येतं. चांगली सरळ पट्टी आणि फिलर गेज पुरे. जुनं पॅकिंग साफ केल्यावर पट्टी सगळ्या पोर्टवर लांबीत आणि मग तिरकी ठेवा आणि पत्ती कुठे शिरते बघा. मर्यादा प्रत्येक इंजिनची वेगळी, पण बहुतेक ठिकाणी ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात असते, अर्धा मिलिमीटरची पत्ती सरकत असेल तर पॅकिंगवर भरवसा ठेवू नका, मशीन करून घ्या. हेडची बाजूही तपासा, सगळे फक्त मॅनिफोल्डच बघतात.

बेल्ट सँडरवर घासायचा मोह टाळा, कडा गोल होतात आणि मध्ये फुगवटा राहतो. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना बोल्ट केलेले असतील तर तसेच जोडून एका सेटिंगमध्ये मशीन करायला सांगा.

तडा गेलाय. वेल्ड होतो का बिडाचा मॅनिफोल्ड?

होतो, पण ज्याने बीड वेल्ड केलंय त्याच्याकडूनच. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो, साध्या रॉडने मारलं तर वेल्डच्या शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि निवताना टिंग करून दुसरीकडे तडकतो. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे जाणं थांबवायचं, व्ही आकाराची खाच करायची, अख्खा मॅनिफोल्ड तापवायचा, निकेलच्या रॉडने इंच-इंच मारायचं, प्रत्येक तुकड्यावर हलकी हातोडी आणि मग कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचं. निवल्यावर पृष्ठभाग पुन्हा मशीन करावाच लागतो, वेल्डने तो वाकतोच.

दुर्मिळ गाडीचा मॅनिफोल्ड असेल तर एवढी मेहनत करण्यासारखी आहे. नवा किंवा चांगला जुना सहज मिळत असेल तर तो घ्या.

पॅकिंग कुठलं घ्यावं? सोबत सिलिकॉन लावू का?

एक्झॉस्टला सिलिकॉन नको, जळून जातं. बिघडलेल्या पृष्ठभागावर ते उपयोगाचं नाही आणि सरळ पृष्ठभागाला ते लागत नाही. पॅकिंग धातूची जाळी किंवा पत्रा असलेलं घ्या आणि कुठली बाजू कुठे ते बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ठेवा. पॅकिंगची भोकं पोर्टशी जुळतात का ते कोरडं धरून बघा, पोर्टमध्ये पॅकिंगची कड डोकावत असेल तर ती जळते आणि तिथूनच सुरुवात होते.

तांब्याचं पॅकिंग असेल तर बसवण्याआधी लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या, पाण्यात बुडवलं तरी तांबं कडक होत नाही. एकदा दाबलं गेलं की ते परत कडक होतं, म्हणून प्रत्येक वेळी.

जुनं पॅकिंग खरवडताना काही काळजी?

हो. या वयाच्या गाड्यांत पॅकिंग, उष्णतेचे पत्रे आणि पाइपवरची गुंडाळी यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासू नका, तारेचा फिरता ब्रश नको, हवेचा झोत तर नकोच. ओलं करा, हाताने खरवडा, योग्य मास्क घाला, चुरा ओल्या कापडाने गोळा करून पिशवीत बंद करा.

नट-वॉशर कुठले वापरू?

पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले पोलादी. ते गंजून स्टडला चिकटत नाहीत, पुढच्या वेळी सुटतात. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट चढवू नका, आटे एकमेकांत चिकटून जाम होतात. नायलॉनवाला लॉक नट एक्झॉस्टवर म्हणजे पहिल्याच फेरीत नायलॉन वितळलं. स्प्रिंग वॉशरची स्प्रिंगही उष्णतेने मरते. आट्यांना थोडं तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावा, पण ते लावल्यावर त्याच टॉर्कला दाब जास्त येतो हे लक्षात ठेवून मॅन्युअलच्या आकड्याच्या वर जाऊ नका.

कसायचा क्रम काय?

सगळे नट आधी बोटांनी. मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत. टोकापासून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो. डाउनपाइप, त्याचा ब्रॅकेट आणि सायलेन्सरची रबरं हे सगळं सैल ठेवून जागेवर आणा, मॅनिफोल्ड कसून झाला की मग मागे मागे कसत जा, म्हणजे पाइप स्वतःच्या जागी बसतो आणि फ्लॅंजला ओढत नाही. एमजीबीचे नट साधारण २० न्यूटन मीटरवर येतात, म्हणजे फार नाही. लोक वाटतं त्याहून खूप जास्त कसतात, आणि मग मॅनिफोल्डला तो दीड मिलिमीटर सरकायला वाव राहत नाही.

एक फेरी तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासा. गरम असताना कसू नका.

त्यापेक्षा ट्यूबचा हेडर बसवला तर?

हेडर म्हणजे बिडाऐवजी वाकवलेल्या नळ्यांचा मॅनिफोल्ड. बसवा, पण लीकचा उपाय म्हणून नको. पातळ फ्लॅंजचा हेडर बिडापेक्षा लवकर वाकतो, घेताना फ्लॅंजची जाडी बघा. ट्यूब पातळ असल्याने बॉनेटखाली उष्णताही जास्त. आणि इनटेकच्या कानांशी जाडी जुळवायचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. हीट रॅप गुंडाळलात तर तो ओल धरून ठेवतो, साध्या पोलादाचा हेडर त्याखाली गंजतो.

सहा सिलिंडरच्या जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत तीन-तीन सिलिंडरचे दोन बिडाचे मॅनिफोल्ड, वर काचेसारखं इनॅमल, ते इंजिन उघडल्यावर दिसतं कसं ते बघा आणि मग ठरवा. मी तरी काढणार नाही. वेल्डिंगला पाठवलात तर ते इनॅमल उडतं एवढं लक्षात असू द्या, ते परत करून घ्यावं लागतं.

वाइडबँड सेन्सर लावलाय, तो सारखा लीन दाखवतोय.

हा सेन्सर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण रिच की लीन ते सांगतो. कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी लीक बघा. एक्झॉस्टच्या दोन फटक्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणतो, तुम्ही जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) वाढवता आणि प्लग काळे होतात. पाय काढल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होण्याचंही हे एक कारण असतं.

काम झालं, चालू केली तर मॅनिफोल्डमधून धूर येतोय!

तेल आणि हाताचे डाग जळतात, पहिली पंधरा-वीस मिनिटं येतो आणि जातो. नवीन उष्णतारोधक रंग असेल तर वासही येईल. गाडी उघड्यावर उभी करा, बॉनेट उघडं ठेवा आणि शेजारी उभे राहा, पेट्रोलचे सांधे ओले होतात का तेही तेव्हाच बघून घ्या. अर्ध्या तासाने धूर एकाच जागेतून येत राहिला तर बंद करा, पूर्ण निवू द्या आणि तिथे साबणाचं पाणी लावा.